अजिंक्यपद आणि करारांचे गणित : एनबीए संघांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओक्लाहोमा सिटी थंडरने जून २०२५ मध्ये इंडियाना पेसर्सचा ४-३ असा पराभव करून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले आणि पुढच्याच महिन्यात आपल्या तीन प्रमुख खेळाडूंचे करार वाढवले. या तीन करारांची कमाल बेरीज ८० कोटी डॉलरच्या वर जाते. त्याच उन्हाळ्यात, २०२४ चे विजेतेपद मिळवणाऱ्या बोस्टन सेल्टिक्सच्या चमूतले चार महत्त्वाचे खेळाडू संघाबाहेर पडले. एक संघ बांधला जात असताना दुसरा का मोडावा लागतो, याविषयी बास्केटबॉल पाहणाऱ्या वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. एनबीएतील सर्व रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत.

पगारमर्यादा ठरलेली असताना बहुतेक संघ तिच्या वर कसे असतात?

२०२५-२६ च्या हंगामासाठी एनबीएची पगारमर्यादा, म्हणजेच सॅलरी कॅप, १५ कोटी ४६ लाख डॉलर ठरली. ती ओलांडण्यास सरसकट बंदी नाही. मर्यादेच्या वर असलेल्या संघाला बाहेरचा मोकळा, म्हणजे करार संपलेला, खेळाडू मोठ्या रकमेवर घेता येत नाही, परंतु स्वतःकडे असलेला खेळाडू राखण्यासाठी मर्यादा ओलांडण्याची मुभा असते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावावरून तिला ‘बर्ड हक्क’ म्हणतात. खेळाडूने मध्येच मोकळा होऊन संघ बदलला नाही आणि तीन हंगाम पूर्ण केले, की हा हक्क संघाला पूर्णपणे मिळतो.

मर्यादेचा आकडा लीगच्या उत्पन्नावरून ठरतो. उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंना मिळेल, असा संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात करार आहे. २०१६ मध्ये नव्या प्रसारण करारामुळे मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली आणि आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे केव्हिन ड्युरंटला घेण्याइतकी जागा अचानक तयार झाली. त्या अनुभवानंतर मर्यादा एका वर्षात जास्तीत जास्त १० टक्केच वाढेल असे ठरवण्यात आले. म्हणूनच डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याबरोबरचा ११ वर्षांचा, सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा प्रसारण करार लागू झाला तरी २०२५-२६ ची वाढ नेमकी १० टक्क्यांवर थांबली.

मग संघाला खरोखर अडवणारी रेषा कोणती?

पगारमर्यादेच्या वर आणखी तीन रेषा आहेत. २०२५-२६ मध्ये लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारावरचा कर, १८ कोटी ७९ लाखांपासून लागू होता; त्यावरच्या, संघावर बंधने घालणाऱ्या दोन रेषांना ‘एप्रन’ म्हणतात, त्यांपैकी पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाखांवर आणि दुसरा २० कोटी ७८ लाखांवर होता. कर हा पैशाचा प्रश्न असल्यामुळे श्रीमंत मालक तो भरून मोकळा होऊ शकतो. २०२१-२२ मध्ये गोल्डन स्टेटने १७ कोटी डॉलरच्या आसपास कर भरला आणि त्याच वर्षी विजेतेपदही मिळवले.

२०२३ च्या सामूहिक करारात आणलेला दुसरा एप्रन मात्र वेगळ्या प्रकारे अडवतो, कारण तो संघबांधणीची साधनेच काढून घेतो. या रेषेच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीत, घेता येत नाही, जेवढा पगार बाहेर जातो त्याहून अधिक पगार आत आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही आणि कर भरणाऱ्या संघांसाठी ठेवलेली (२०२५-२६ मध्ये सुमारे ५७ लाख डॉलरची) सवलतही वापरता येत नाही. शिवाय सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतील, त्याची पहिल्या फेरीची निवड गोठवली जाते, आणि त्यापुढच्या चारपैकी दोन हंगामांत संघ पुन्हा रेषेच्या वर राहिला तर ती निवड पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलली जाते. याचा अर्थ असा, की आजच्या विजेतेपदासाठी संघ जी किंमत मोजतो, तिचा काही भाग आज शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाला निवडण्याच्या संधीतून वसूल होतो.

एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार मिळू शकतो?

अनुभव सहा वर्षांपर्यंत असेल तर पगारमर्यादेच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षे असेल तर ३० टक्के आणि दहा वर्षे किंवा अधिक असेल तर ३५ टक्के. सर्वोत्तम खेळाडूचा किंवा सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मिळाला, अथवा हंगामाच्या सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत निवड झाली, तर विशिष्ट अटींवर खेळाडू वरच्या टप्प्यात लवकर पोहोचतो. ‘सुपरमॅक्स’ म्हणतात तो हाच करार. जुना संघ पाच वर्षांचा करार देऊ शकतो आणि दरवर्षी ८ टक्के वाढ देऊ शकतो. मोकळा झालेला खेळाडू नव्या संघाकडे गेल्यास मुदत चार वर्षे आणि वाढ ५ टक्के एवढीच मिळते. हे अंक लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण दोन खेळाडू ३५ टक्क्यांवर आणि तिसरा २५ टक्क्यांवर असेल, तर उरलेल्या बारा जणांसाठी मर्यादेतला अगदी तुटपुंजा हिस्सा राहतो आणि पुढचा प्रत्येक डॉलर त्या वरच्या रेषांकडे ढकलतो.

आयपीएलमध्येही संघांना ठरावीक रक्कम असते. फरक काय?

आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती आणि ती ओलांडण्याची कोणतीही सोय नव्हती. ऋषभ पंतसाठी लखनऊने २७ कोटी रुपये मोजले, तेव्हा उरलेला संघ राहिलेल्या ९३ कोटींतच उभारावा लागणार हे उघड होते. मोठ्या लिलावाच्या वेळी बहुतेक हिशेब नव्याने मांडला जातो, त्यामुळे चुकीच्या खरेदीचे ओझे मर्यादित काळच राहते. एनबीएत तशी पाटी कोरी होत नाही. करार चार-पाच वर्षांचे असतात, बहुतांशी पूर्ण हमीचे असतात, आणि खेळाडू जायबंदी झाला किंवा त्याचा खेळ उतरला तरी रक्कम द्यावीच लागते. म्हणून तिथे भावाइतकेच महत्त्व करार कोणत्या वर्षी सुरू होतो आणि कोणत्या वर्षी संपतो याला आहे.

बोस्टनने विजेता संघ का मोडला? प्रमुख खेळाडू जेसन टेटमच्या दुखापतीमुळे का?

दुखापतीने निर्णय सोपा केला. तो तिच्यामुळे घेतला गेला, असे म्हणणे मात्र बरोबर नाही. जेलन ब्राउनने २०२३ मध्ये पाच वर्षांचा ३० कोटी ४० लाखांपर्यंतचा करार केला. विजेतेपदानंतर, जुलै २०२४ मध्ये, जेसन टेटमचा पाच वर्षांचा ३१ कोटी ४० लाखांचा करार झाला, जो २०२५-२६ पासून लागू होणार होता. ड्रू हॉलिडे आणि डेरिक व्हाइट यांचे मोठे करारही २०२४ मध्येच वाढवले गेले, तर क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसचा करार आधीपासून चालू होता. हे सर्व एकत्र ठेवले असते तर २०२५-२६ मध्ये पगार आणि कर मिळून ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला असता. हा आकडा दुखापतीच्या कितीतरी आधी सर्वांना दिसत होता.

मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या मालिकेत टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि ‘आणखी एक वर्ष प्रयत्न करून पाहू’ हा पर्यायच उरला नाही. हॉलिडे पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला, ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला आणि अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला. माझ्या मते बोस्टनच्या व्यवस्थापनाचे यात चुकले नाही. दोन वर्षांची संधी दिसत असताना त्यांनी ती पूर्ण ताकदीने घेतली, तीतून अठरावे विजेतेपद आले आणि बिल आले तेव्हा त्यांनी ते स्वीकारले. चूक ठरली असती ती अर्धवट खर्च करून काहीच न जिंकण्याची.

ओक्लाहोमा सिटीने असे काय वेगळे केले?

हे उत्तर २०१२ पासून सुरू करावे लागते. त्या वर्षी ड्युरंट, रसेल वेस्टब्रूक आणि जेम्स हार्डन हे तीन तरुण खेळाडू घेऊन थंडर अंतिम मालिकेत पोहोचले आणि मायामीकडून ४-१ असे हरले. हार्डनच्या करारवाढीच्या वाटाघाटी ऑक्टोबरमध्ये फिसकटल्या. चार वर्षांच्या करारात संघाचा प्रस्ताव आणि कमाल रक्कम यांत पन्नास लाख डॉलरच्या आसपासचा फरक असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. हार्डनला ह्यूस्टनकडे पाठवण्यात आले. पुढे ड्युरंट २०१४ मध्ये, वेस्टब्रूक २०१७ मध्ये आणि हार्डन २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण हे तिघे एकत्र असताना विजेतेपद आले नाही आणि थंडरला पुन्हा अंतिम मालिका गाठायला २०२५ उजाडावे लागले.

त्या काळात आणि आजही संघाचे व्यवस्थापन सॅम प्रेस्टी यांच्याकडेच आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या वेळची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे देताना त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या. त्यांतल्याच एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये संघाच्या स्वतःच्या निवडीवर चेट होल्मग्रेन दुसऱ्या क्रमांकावर मिळाला. विजेतेपदाच्या हंगामात या दोघांचे पगार मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास होते, कारण ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार क्रमांकानुसार ठरावीक श्रेणीचा असतो. दोन उत्तम खेळाडू इतक्या कमी रकमेत मिळत होते, म्हणून आयझेया हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख देणे आणि ॲलेक्स करूसोला आणणे परवडले. संघाने ६८ सामने जिंकले ते या स्वस्त वर्षांच्या जोरावर.

लहान करारांतही हाच विचार दिसतो. ॲरन विगिन्सचा पाच वर्षांचा ४ कोटी ७० लाखांचा करार दरवर्षी उतरत जाणाऱ्या पगाराचा आहे. मुख्य खेळाडूंचे पगार वाढत जातील त्या वर्षांत साहाय्यक खेळाडूचा पगार कमी होत जावा, अशी ती रचना आहे. अशा मांडणीकडे बातम्यांत फारसे लक्ष जात नाही, पण मला स्वतःला ही थंडरच्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

विजेतेपद हवे असेल तर मोठ्या खेळाडूने कमी पगार का घेऊ नये?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्यात खेळाडूच्या निष्ठेवर शंका दडलेली असते. कमी रक्कम घेतल्याची उदाहरणे आहेत. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या तिघांनी मायामीत कमाल रकमेहून थोडे कमी घेतले. टिम डंकनने २०१२ मध्ये २ कोटींहून अधिक पगारावरून सुमारे १ कोटीवर येणे मान्य केले आणि २०१४ मध्ये सॅन अँटोनियो जिंकले. जेलन ब्रन्सनने जुलै २०२४ मध्ये चार वर्षांचा १५ कोटी ६५ लाखांचा करार स्वीकारला. वर्षभर थांबला असता तर त्याला पाच वर्षांचे सुमारे २६ कोटी ९० लाख मिळू शकले असते. न्यूयॉर्कला त्यामुळे संघ भक्कम ठेवता आला. मात्र ब्रन्सनने शेवटच्या वर्षातून बाहेर पडण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे आणि दहा वर्षांचा अनुभव झाल्यावर तो ३५ टक्क्यांच्या करारावर सही करू शकतो. हा त्याग तर आहेच, पण डोळसपणे केलेली आखणीही आहे.

याउलट बोस्टनच्याच आयझेया थॉमसची गोष्ट आहे. २०१६-१७ मध्ये त्याने सरासरी २८.९ गुण केले, सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो पाचवा आला आणि त्याचा पगार होता सुमारे ६६ लाख डॉलर. बाद फेरीत तो दुखऱ्या खुब्यानिशी खेळला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला क्लीव्हलंडला पाठवले गेले आणि ज्या मोठ्या कराराची तो वाट पाहत होता तो त्याला कधीच मिळाला नाही. स्टीफन करीनेही २०१२ मध्ये घोट्याच्या दुखापतींमुळे चार वर्षांचा केवळ ४ कोटी ४० लाखांचा करार केला होता. त्याच्या खेळाला बहर आला तेव्हा संघाला त्याचा फायदा झाला, पण तो फायदा त्याच्या अडचणीतून आलेला होता.

खेळाडूची कमाईची वर्षे मोजकी असतात आणि संघ त्याला कोणत्याही दिवशी दुसऱ्या शहरात पाठवू शकतो, म्हणून कमी पगाराची अपेक्षा ही संघबांधणीची योजना होऊ शकत नाही. खेळाडूने स्वतःहून सवलत दिली तर ती आनंदाने घ्यावी, पण हिशेब ती गृहीत धरून मांडू नये.

मुख्य खेळाडू कायम असताना विजेता संघ पुढच्या वर्षी कमकुवत का होतो?

कारण मधल्या फळीतले खेळाडू निघून जातात. डेन्व्हर नगेट्स २०२३ मध्ये जिंकले तेव्हा निकोला योकिचच्या जोडीला ब्रूस ब्राउन होता, ज्याचा पगार सुमारे ६५ लाख होता. तो डेन्व्हरमध्ये एकच हंगाम खेळला असल्याने संघाकडे पूर्ण बर्ड हक्क नव्हते आणि त्याला आधीच्या पगाराच्या १२० टक्के, म्हणजे सुमारे ७८ लाखच देता येत होते. इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी देऊ केले. इथे मालकाची इच्छा असूनही उपयोग नव्हता. २०२४ मध्ये केन्टेव्हियस कॉल्डवेल-पोप तीन वर्षांच्या ६ कोटी ६० लाखांवर ऑरलँडोला गेला आणि २०२५ मध्ये मायकेल पोर्टर ज्युनियरचा मोठा करार उतरवण्यासाठी त्याच्यासोबत २०३२ ची पहिल्या फेरीची निवडही ब्रुकलिनला द्यावी लागली; बदल्यात कॅमेरॉन जॉन्सन मिळाला. दर उन्हाळ्यात एक खेळाडू गेला, तरी योकिच तोच होता. एक वर्षाच्या स्वस्त करारावर मिळालेला चांगला साहाय्यक हा विजेतेपदाच्या वर्षाचा आधार ठरतो आणि पुढच्या वर्षीची पोकळीही, हे डेन्व्हरइतके स्पष्ट कोणत्याच संघात दिसलेले नाही.

तीन मोठी नावे एकदम आणली तर?

फिनिक्स सन्सने ते करून पाहिले. डेव्हिन बुकर आणि ड्युरंट असताना त्यांनी २०२३ मध्ये ब्रॅडली बीलला आणले. त्याच्या करारात स्वतःच्या संमतीशिवाय ट्रेड न होण्याची अट होती. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्यांना पहिल्याच फेरीत ४-० असे हरवले, आणि दुसऱ्या एप्रनच्या वर असल्यामुळे संघात दुरुस्ती करण्याची जवळजवळ सर्व दारे बंद होती. २०२४-२५ मध्ये ३६ विजय आणि ४६ पराभवांसह ते बाद फेरीलाही मुकले. उन्हाळ्यात ड्युरंट ह्यूस्टनला गेला आणि बीलला मुक्त करताना उरलेली रक्कम पाच वर्षांत विभागावी लागली. त्यामुळे संघात नसलेल्या खेळाडूपोटी दरवर्षी १ कोटी ९० लाखांहून अधिक रक्कम त्यांच्या पगारपत्रकावर राहणार आहे.

नियम चुकवून खेळाडूला गुपचूप रक्कम दिली जाऊ शकते का?

मिनेसोटाने जो स्मिथ नावाच्या खेळाडूशी असा छुपा करार केला होता. २००० मध्ये तो उघड झाल्यावर संघाला ३५ लाख डॉलरचा दंड झाला आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेण्यात आल्या. त्यांतल्या काही पुढे परत मिळाल्या.

सॅक्रामेंटो किंग्जचे मालक मूळचे मुंबईचे आहेत. त्यांच्या संघाला हे का जमत नाही?

विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने झाले, तेव्हा किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हेच दोन संघ आले होते. त्यामुळे आपल्याकडे या संघाविषयी आपुलकी असणे स्वाभाविक आहे. सोळा हंगामांनंतर २०२३ मध्ये किंग्ज बाद फेरीत पोहोचलेही. पण डिॲरन फॉक्सने २०२४ मध्ये करारवाढ नाकारली, आणि करार संपायला जेमतेम दीड हंगाम उरला असताना, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्याला सॅन अँटोनियोला द्यावे लागले. तिथे त्याने त्याच वर्षी चार वर्षांची करारवाढ घेतली. मुख्य खेळाडूला राहावेसे वाटेल असा संघ उभा नसेल, तर जादा वर्ष आणि ८ टक्के वाढ देऊ शकण्याचा जुन्या संघाचा लाभ निरुपयोगी ठरतो. इतक्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर त्या शहराच्या वाट्याला हे यावे, याचे वाईट वाटते.

ओक्लाहोमा सिटीची स्वस्त वर्षे संपल्यावर काय होणार?

होल्मग्रेन आणि विल्यम्स यांचे वाढीव करार २०२६-२७ पासून लागू होतात आणि दोन्ही पगारमर्यादेच्या किमान २५ टक्क्यांपासून सुरू होतात. गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा २८ कोटी ५० लाखांचा करार मात्र त्याच्याही एक वर्ष नंतर, २०२७-२८ पासून सुरू होतो. म्हणजे तीनही ओझी एकाच उन्हाळ्यात येऊन पडत नाहीत. त्यातच हार्टनस्टाइन आणि लू डॉर्ट या दोघांच्याही करारांत २०२६-२७ चे वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवलेले होते. ते वर्ष स्वीकारावे, नाकारावे की त्याऐवजी कमी रकमेचा लांब करार करावा, हे पर्याय संघाने आधीच स्वतःच्या हाती राखले. वारंवार कर भरणाऱ्या संघाला पहिल्याच पायरीवर जादा प्रत्येक डॉलरमागे तीन डॉलर कर द्यावा लागतो आणि थंडरची बाजारपेठ लहान आहे, त्यामुळे हा समूह कायमचा एकत्र राहील असे मानण्याचे कारण नाही. साठवलेल्या ड्राफ्ट निवडींतून दरवर्षी एक-दोन नवे खेळाडू पहिल्या, स्वस्त करारावर येत राहावेत आणि जाणाऱ्यांची जागा त्यांनी घ्यावी, अशी योजना आहे. २०१२ मध्ये त्यांच्याकडे एवढा साठा नव्हता.